पावसाने खाल्लेला मठ

जुन्या गोव्यास जाणारा प्रवासी बहुधा दोन वास्तू पाहून परततो. संत फ्रान्सिस झेवियरचे शव जेथे ठेवले आहे ती बॉम जेझूची इगर्ज तो पाहतो. रस्ता ओलांडून समोरच्या से कॅथीड्रलमध्ये डोकावतो. आणि उन्हाचा ताप होऊ लागला की पणजीची वाट धरतो. बॉम जेझूच्या पश्चिमेस एक टेकडी आहे. पोर्तुगीज तिला ‘मोंते सांतो’, म्हणजे पवित्र टेकडी, म्हणत असत. या टेकडीवर जांभ्या दगडाचा एक उंच, अर्धवट तुटलेला मनोरा उभा आहे. तो ४६ मीटर उंच आहे आणि मांडवीच्या पात्रातून येणाऱ्या होडीलाही माडांच्या शेंड्यांवर तो दिसतो. त्याच्या पायथ्याशी छप्पर नसलेल्या भिंती, कमानींचे तुकडे, उघड्यावर पडलेल्या थडग्यांच्या शिळा आणि पावसाळ्यात गुडघाभर वाढणारे गवत एवढेच काय ते शिल्लक आहे. ऑगस्टिनियन पंथाच्या मठाचे आणि त्यास जोडून असलेल्या ‘नोस्सा सेन्योरा दा ग्रासा’, म्हणजे कृपामाता, या नावाच्या इगर्जेचे हे अवशेष होत.

काही वर्षांपूर्वी ऐन आषाढात मी या टेकडीवर गेलो होतो. सर ओसरली होती आणि भिंतींतून पाणी ठिबकत होते. जवळच एक वयोवृद्ध गावकरी गुरांकडे लक्ष ठेवून उभे होते. त्यांना मी सहज विचारले, “एवढी मोठी इमारत पाडली कोणी?” त्यांनी मनोऱ्याकडे न पाहताच उत्तर दिले, “कोणेंच मोडूंक ना. पावसान खाल्लें.”

उत्तर चोख होते. या मठावर कोणत्याही शत्रूने तोफ डागलेली नाही, कोणी त्यास आग लावल्याची नोंद नाही, भूकंपाने तो कोसळलेला नाही. तो खरोखरच पावसाने खाल्ला. परंतु न्यायालयात आयुष्य घालवणाऱ्या माणसाला एक खोड जडलेली असते. जे कारण डोळ्यांपुढे आहे त्याच्यामागे कोणते कारण उभे आहे, हे विचारल्यावाचून त्याला राहवत नाही. पाऊस तर गोव्यात १६०२ सालीही पडत होता आणि १८३५ सालीही पडत होता. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलत ही वास्तू २३३ वर्षे ताठ उभी राहिली, आणि मग अवघ्या सात वर्षांत तिचे छत खाली आले. असे का व्हावे? या प्रश्नाचा मागोवा घेताना एका इमारतीच्या इतिहासापलीकडचे काही हाती लागते असे मला वाटते, आणि म्हणूनच हा लेख.

प्रथम जागेविषयी. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये हे शहर आदिलशहाकडून जिंकले. १५४० च्या सुमारास तिसवाडी बेटावरील देवळे पाडण्यात आली आणि १५४१ मध्ये त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मसंस्थांकडे वळवण्यात आले. हे सर्व लेखी झाले, सह्यांनिशी झाले, आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे त्यास संमतीचे स्वरूपही देण्यात आले. ज्याच्या हाती तलवार आहे त्याच्यापुढे केलेल्या सहीला कायद्यात काय किंमत द्यावी, हा स्वतंत्र प्रश्न आहे. पण पुढे जे सांगावयाचे आहे ते या पूर्वपीठिकेवाचून सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जुन्या गोव्यातील भव्य इगर्जांकडे पाहताना आपल्या मनात कौतुक आणि सल ही दोन्ही असतात. त्यांपैकी एकाने दुसऱ्याचा गळा दाबू नये, एवढेच.

संत ऑगस्टीनच्या नियमाप्रमाणे राहणारे पाद्री गोव्यात १५७२ मध्ये आले. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन आणि जेझुइट हे पंथ त्यांच्या आधीच येऊन स्थिरावले होते. उशिरा आलेल्यांना शहरातील मोक्याची जागा मिळाली नसेल. पण टेकडी मिळाली, आणि टेकडीचा त्यांनी पुरेपूर उपयोग करून घेतला. गोव्याचा हा मठ पुढे त्यांच्या पूर्वेकडील सर्व शाखांचे मूळ ठाणे झाला. येथून ऑगस्टिनियन साधू पूर्व आफ्रिकेत मोंबासास गेले, इराणात इस्फहानला गेले, आणि बंगालमध्ये हुगळीच्या काठी बंडेल येथेही त्यांनी आपली इगर्ज उभारली. बंगालमधील याच पंथाच्या मानुएल दा असुंप्सांव या पाद्र्याने तयार केलेला बंगाली-पोर्तुगीज शब्दकोश व्याकरणासह १७४३ मध्ये लिस्बन येथे छापला गेला. बंगाली भाषेच्या अभ्यासकांस त्याचे महत्त्व ठाऊक आहे. तात्पर्य, या टेकडीवरच्या खोल्यांत राहणाऱ्या माणसांचे जग तिसवाडीच्या खाडीपाशी संपत नव्हते.

इगर्जेचे बांधकाम १५९७ मध्ये सुरू झाले आणि १६०२ मध्ये पूर्ण झाले. या काळी गोव्याच्या आर्चबिशपच्या गादीवर आलेइशो दे मेनेझिस हा होता. तो १५९५ मध्ये आला, स्वतः ऑगस्टिनियन होता, आणि पुढे १६०७ ते १६०९ या काळात गव्हर्नरही झाला. पंथाच्या माणसाच्या हाती धर्मसत्ता आणि काही काळ राजसत्ताही असल्यावर टेकडीवरील बांधकामास कशाची उणीव भासली नसावी, असा तर्क करण्यास हरकत नाही.

आता वास्तूविषयी. आज अवशेषांत फिरताना आराखडा स्पष्ट उमजतो. मध्यभागी एक लांब, रुंद दालन. त्यास खांबांच्या ओळी नव्हत्या, म्हणजे सारी सभा एका छताखाली मोकळेपणी बसू शके. या दालनाच्या दोन्ही अंगांस मिळून आठ छोटी प्रार्थनागृहे. पुढे आडवे दालन आणि त्यापलीकडे मुख्य वेदी. इगर्जेला लागून मठ: चौक, त्याभोवती कमानींच्या ओवऱ्या, साधूंच्या खोल्या, आणि मठवासी ज्या ठिकाणी नियमाचे वाचन करण्यास व कारभाराचा विचार करण्यास जमत ते सभागृह, ज्याला ते ‘चॅप्टर’ म्हणत. या सभागृहाचे चॅपेल पुढे आपल्या कथेत महत्त्वाचे ठरणार आहे.

मुख्य दालनावर तुळया आणि कौले यांचे साधे छप्पर नव्हते, दगडी घुमटीचे अर्धवर्तुळाकार छत होते. एखादे मोठे पिंप उभे चिरून पालथे ठेवावे तशी अशा छताची आकृती असते. त्याची शोभा मोठी, पण स्वभाव कठीण. लाकडी छप्पर आपला भार सरळ खाली टाकते; दगडी कमानी छत मात्र भार खाली टाकतानाच भिंतींना बाहेरच्या बाजूस रेटत असते. हा रेटा दिवसरात्र चालू असतो, त्याला सुट्टी नसते. तो पेलण्यासाठी भिंती जाड असाव्या लागतात किंवा त्यांना बाहेरून आधार द्यावा लागतो. अंगांवरील प्रार्थनागृहांची रचना येथे केवळ भक्तांच्या सोयीसाठी नव्हती. दोन प्रार्थनागृहांमधील प्रत्येक आडवी भिंत ही मुख्य भिंतीला खांदा देणारी टेकण होती. म्हणजे त्या वास्तूत प्रत्येक भाग दुसऱ्या भागाच्या जिवावर उभा होता. एक निसटला की बाकीच्यांची परीक्षा सुरू होणार, हे अशा बांधणीतच लिहिलेले असते.

दर्शनी बाजूस दोन उंच मनोरे आणि त्यांच्यामध्ये मजल्यांवर मजले चढवलेली दर्शनी भिंत होती. आज उभा आहे तो त्या जोडमनोऱ्यांपैकी एकाचा अवशेष. ही आकृती तेव्हाच्या गोव्यास एवढी मानवली की पुढच्या इगर्जांनी तिचे अनुकरण केले. तिसवाडीतच तळावली येथे सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली संत आनाची इगर्ज आहे. तिचे पाच मजली मनोरे ऑगस्टिनियनांच्या इगर्जेवरून बेतले असे वास्तुशास्त्राचे अभ्यासक मानतात. तेव्हा टेकडीवरील मनोरा पाहून ज्याच्या मनात ‘हे मुळात दिसत तरी कसे असेल?’ असा प्रश्न उभा राहील, त्याने तळावलीस जावे. वडिलांचे चित्र उपलब्ध नसले तर मुलाच्या चेहऱ्यावरून अदमास करावा, तशातला हा प्रकार.

आणि हे सारे जांभ्या दगडाचे. कोकणात किंवा गोव्यात ज्याचे बालपण गेले त्याला हा दगड समजावून सांगण्याची गरज नाही. पण इंदूर-ग्वाल्हेरच्या किंवा बडोद्याच्या वाचकांसाठी दोन शब्द लिहितो. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, त्याचे चिरे हत्याराने सहज तासता येतात. हवा लागली की तो कठीण होतो. पण त्याचे अंग छिद्रांनी भरलेले असते आणि त्यात पाणी मुरते. बारीक कोरीव काम त्याला सोसत नाही. बॉम जेझूच्या दर्शनी भागावरील नक्षीसाठी काळा पाषाण थेट वसईहून आणावा लागला तो यामुळेच. अशा दगडाच्या भिंतीचे खरे चिलखत म्हणजे चुन्याचा गिलावा. गिलावा धड असेल तोपर्यंत पाऊस बाहेर राहतो. त्याला तडा गेला आणि तो बुजवला नाही की पाणी आत शिरते, मागोमाग पिंपळाचे आणि वडाचे बी येते, आणि मुळे चिऱ्यांच्या सांध्यांत आपला संसार मांडतात. कोकणात दर वर्षी मृगापूर्वी घर शाकारण्याची रीत आहे. गरिबाची झोपडी असो की आर्चबिशपचा महाल, या देशात घर टिकते ते एकदा बांधल्यामुळे टिकत नाही. ते दर वर्षी थोडे थोडे पुन्हा बांधावे लागते.

१६०२ पासून १८३५ पर्यंत हे काम झाले. ते करणारे हात टेकडीवर होते.

मधल्या काळात या मठात एक विलक्षण ठेव येऊन पडली. जॉर्जिया देशाच्या पूर्व भागातील काखेती या राज्याची राणी केतेवान ही इराणच्या शाह अब्बास पहिला याच्या ताब्यात ओलीस होती. आपल्या मुलाचे, राजा तेइमुराझचे, राज्य वाचावे म्हणून ती त्याच्या दरबारी गेली होती. पुढे धर्म सोडण्याची सक्ती झाली. तिने नकार दिला, आणि १६२४ मध्ये शिराझ येथे तिचा छळ करून वध करण्यात आला. तेथे असलेल्या ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष मिळवले. राणी त्यांच्या पंथाची नव्हती, कॅथलिकही नव्हती. ती पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स संप्रदायाची. तरीही त्यांनी त्या अस्थी जपल्या. काही भाग जॉर्जियात पोहोचला आणि काही भाग १६२७ मध्ये गोव्यास आणून मठाच्या चॅप्टर-चॅपेलात ठेवण्यात आला. लिस्बन येथील याच पंथाच्या ग्रासा मठात या हौतात्म्याचे चित्र रंगीत फरशांवर काढलेले आहे. परक्या देशातील परक्या संप्रदायाच्या एका विधवा राणीची अस्थी मांडवीच्या काठी येऊन विसावली, आणि तिचे नेमके स्थान कागदावर नोंदले गेले. कागदाचे हे महत्त्व पुढे कळेल.

इकडे शहराला उतरती कळा लागली होती. साथीच्या रोगांनी वस्ती विरळ होत गेली. व्हाइसरॉयने १७५९ मध्ये आपला मुक्काम पणजीस हलवला. १८४३ मध्ये पणजीला राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला. से कॅथीड्रलचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा उभारला गेला नाही. १८२० मध्ये व्हाइसरॉयचा जुना राजवाडा पाडावयास काढला आणि जुन्या शहराचा दगड नव्या शहराच्या कामी येऊ लागला. भोवतीचे घर-दार, बाजार, पेठ गेल्यावर उरल्या त्या इगर्जा आणि मठ. लोक गेले, साधू राहिले. शहर नसलेल्या शहरात घंटा वाजत राहिल्या.

आणि मग कायदा आला.

पोर्तुगालमध्ये १८२८ ते १८३४ या काळात गादीसाठी यादवी युद्ध झाले. एका बाजूस निरंकुश राजसत्तेचा पुरस्कर्ता दों मिगेल, दुसऱ्या बाजूस सनदशीर राज्यपद्धतीचे कैवारी. मठांपैकी अनेकांनी दों मिगेलची बाजू घेतली होती. तो हरला. लगेच मे १८३४ मध्ये न्यायमंत्री जुआंकीं आंतोनियु द आगियार याच्या सहीने एक फर्मान निघाले. त्यातील आशय थोडक्यात असा: राज्यातील पुरुष साधूंचे सर्व मठ, महाविद्यालये व धर्मशाळा या क्षणापासून विसर्जित, त्यांची मालमत्ता राष्ट्राच्या खजिन्यात जमा, पूजेची पात्रे व वस्त्रे बिशपांच्या स्वाधीन, साधूंना, काही अपवाद वगळता, निवृत्तिवेतन. या मंत्र्याला लोकांनी ‘मता-फ्रादिश’, म्हणजे साधूंचा काळ, असे नाव ठेवले. गोव्यात या फर्मानाची अंमलबजावणी १८३५ मध्ये झाली. ऑगस्टिनियन साधू टेकडी उतरले आणि मठ ओस पडला.

वकिलाच्या दृष्टीने हे फर्मान पाहण्याजोगे आहे. त्यात मालमत्ता कोणाची होणार हे स्वच्छ लिहिले होते. उत्पन्न कोठे जमा होणार हे लिहिले होते. माणसांच्या पोटापाण्याची तरतूदही होती. पण हजारो मैलांवरच्या एका टेकडीवरील दगडी छताचा गिलावा पुढच्या ज्येष्ठात कोणी बुजवायचा, याची चिंता त्या फर्मानाने केलेली नव्हती. हक्क हस्तांतरित झाला. काम हस्तांतरित झाले नाही. आमच्या व्यवसायात वाटणीचे दावे चालवताना हे नित्य अनुभवास येते. भाऊभाऊ जमिनीच्या इंचासाठी भांडतात, निवाडा होतो, सातबारावर नावे चढतात, आणि ज्या वडिलोपार्जित घराच्या हिश्शासाठी दावा चालला त्याची कौले मात्र निवाड्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात उडून जातात. कारण घर सर्वांचे झाले, म्हणजे शाकारणी कोणाचीच राहिली नाही.

१८४१ मध्ये इगर्जेची प्रचंड घंटा उतरवून आग्वादच्या किल्ल्यावर दीपगृहात नेण्यात आली. १८४२ मध्ये मुख्य दालनाचे दगडी छत कोसळले. साधू गेल्यापासून हा सातवा पावसाळा. एकदा छत गेल्यावर मागे रेटा उरला नाही, पण आधारही उरला नाही. जी दर्शनी भिंत आणि जे मनोरे पाठीमागच्या दालनाशी बांधलेले होते ते आता एकाकी उभे राहिले. तरीही ते जवळजवळ नव्वद वर्षे टिकले, ही त्या गवंड्यांच्या हातची कमाई. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग कोसळला. १९३८ मध्ये आणखी काही भाग पडला. उरला तो आजचा मनोरा.

येथे माझे म्हणणे संपले असते, तर कोणी म्हणू शकला असता की ओस पडत चाललेल्या शहरात, त्या हवेत, त्या पावसात ही वास्तू तशीही पडलीच असती; कायद्याला बोल का लावता? आक्षेप रास्त आहे. सुदैवाने त्याचे उत्तर देणारा साक्षीदार त्याच टेकडीवर, हाकेच्या अंतरावर उभा आहे.

तो साक्षीदार म्हणजे साध्वींचा सांता मोनिका मठ. आर्चबिशप मेनेझिसनेच त्याची स्थापना केली. बांधकाम १६०६ मध्ये सुरू होऊन १६२७ मध्ये पुरे झाले. तोच पंथ, तीच टेकडी, तोच जांभा, तोच चुना, तोच पाऊस. उलट या मठावर एक संकट अधिक आले: १६३६ मध्ये त्याला आग लागली. पण आत राहणारी माणसे होती, म्हणून दुसऱ्याच वर्षी पुनर्बांधणी हाती घेतली गेली. बाहेरच्या भिंतींना पुढे दिलेले भक्कम टेके आजही दिसतात.

आता फरक पाहा. साध्वींच्या मठांबाबत पोर्तुगीज कायद्याने वेगळी वाट धरली. त्यांना एका दिवसात बाहेर काढले नाही. नव्या साध्वींना प्रवेश बंद केला, आणि ज्या आत होत्या त्यांना मरेपर्यंत राहू दिले. या तरतुदीत दया किती आणि कोरडा हिशेब किती, हे मी सांगत नाही. कल्पना मात्र करून पाहावी. दर वर्षी प्रार्थनेस बसणाऱ्या स्त्रियांच्या ओळीतील एक जागा रिकामी होते, ती भरण्यास कोणी येत नाही; एवढा मोठा चौक, एवढ्या खोल्या, आणि दिवे कमी कमी होत जातात. शेवटची साध्वी १८८५ मध्ये वारली. शेजारच्या मठाचे छत पडून तोपर्यंत ४३ वर्षे लोटली होती. त्या सर्व काळात या म्हाताऱ्या होत असलेल्या स्त्रियांनी आपले छप्पर राखले. विसाव्या शतकात हा मठ दुरुस्त होऊन पुन्हा वापरात आला. १९६४ पासून तेथे साध्वींसाठी धर्मशिक्षणाची संस्था आहे, आणि त्याच्या इगर्जेच्या आवारात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. सांता मोनिका आज उभा आहे आणि ग्रासा मठ पडला आहे. दोहोंमध्ये दगडाचा फरक नाही, पावसाचा नाही, देवाचाही नाही. फरक एका कलमाचा आहे.

म्हणून त्या गावकऱ्याच्या उत्तरात मी एवढीच भर घालीन: पावसाने खाल्ले हे खरे, पण ताट वाढून दिले ते कायद्याने.

याचा अर्थ ते फर्मान सर्वस्वी अन्यायाचे होते असे मला म्हणावयाचे नाही. मठांची संपत्ती मोठी होती आणि तिचे मूळ नेहमीच निर्मळ होते असे नाही. १५४१ मध्ये देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ज्या लेखणीने फिरवले, जवळपास तशाच लेखणीने १८३४ मध्ये मठांची मालमत्ता फिरवली. पहिल्या वेळी ज्यांच्या पारड्यात पडले त्यांच्याच पारड्यातून दुसऱ्या वेळी उचलले गेले. यात कोणास दैवी न्याय दिसेल. मला दिसत नाही. कारण ज्यांचे पहिल्यांदा गेले त्यांना दुसऱ्या वेळी ते परत मिळाले नाही. एका अन्यायाचा हिशेब दुसऱ्या अन्यायाने चुकता होत नसतो. खातेवही तेवढी जाड होते.

त्या टेकडीवरून पलीकडे पाहिले की मांडवीत दिवाडी बेट दिसते. तेथे सप्तकोटेश्वराचे देऊळ होते. ते पाडले गेले. पण भक्तांनी देव नदीपार डिचोलीकडील नार्वे गावी नेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथील देवळाचा जीर्णोद्धार करविला. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, हे तर आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घराण्यांच्या इतिहासात आहे. घर गेले, पण ज्यासाठी घर होते ते माणसांनी डोक्यावर घेऊन दुसरीकडे नेले. मोडलेल्या वास्तूच्या बाबतीत हा एक दिलासा असतो. तो ग्रासा मठालाही काही अंशी लाभला, आणि त्याची हकिकत मोठी चित्तवेधक आहे.

गोवा १९६१ मध्ये मुक्त झाल्यावर हे अवशेष भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या देखरेखीखाली आले. १९८६ मध्ये गोव्यातील इगर्जा व मठ यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यात हे भग्नावशेषही आहेत. केतेवान राणीला संत मानणाऱ्या जॉर्जियातील लोकांना तिची अस्थी हवी होती; १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून शोध सुरू झाला. पण ढिगाऱ्यात चॅप्टर-चॅपेल नेमके कोठे, हेच कोणास सांगता येत नव्हते. जुन्या पोर्तुगीज कागदांत लिहिले होते की वेदीकडे तोंड केले असता उजव्या हाताच्या भिंतीतील दुसऱ्या खिडकीपाशी दगडी पेटीत अवशेष ठेवले आहेत. २००४ च्या सुमारास खोदकामात ते चॅपेल आणि ती खिडकी ओळखता आली, आणि जवळच हाडाचा एक तुकडा मिळाला. पुढे हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात, म्हणजे सी.सी.एम.बी.मध्ये, त्याची तपासणी झाली. आईकडून अपत्यास मिळणारा जो जनुकीय वारसा असतो त्याची खूण त्या हाडात सापडली. ती खूण भारतीय लोकांच्या तपासलेल्या नमुन्यांत आढळत नाही आणि जॉर्जियाच्या प्रदेशात आढळते, असा निष्कर्ष निघाला. अस्थी राणीचीच, असे गणिती निश्चयाने यावरून सिद्ध होत नाही. पण लेखी पुरावा एका बाजूने, जागेचा पुरावा दुसऱ्या बाजूने आणि शास्त्रीय पुरावा तिसऱ्या बाजूने येऊन एकाच बिंदूवर मिळाले. कोणत्याही शहाण्या न्यायाधीशाने यावर निकाल दिला असता. जुलै २०२१ मध्ये भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी तिबिलिसी येथे या अवशेषाचा काही भाग जॉर्जियाच्या स्वाधीन केला. राणी जवळजवळ चार शतकांनी आपल्या गावी गेली.

मठाने ठेव सांभाळली होती, एवढेच नव्हे तर ती कोठे आहे हे लिहून ठेवले होते. भिंती पडल्या तेव्हा तो कागद उरला, आणि कागदाने ठेव परत मिळवून दिली. विश्वस्ताचे कर्तव्य म्हणून कायद्याच्या पुस्तकांत जे आम्ही शिकतो, त्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. ज्यांनी ते लिहून ठेवले त्यांचे नाव आपणास माहीत नाही. त्यांचा पंथ आपला नव्हे. त्यांच्या राज्याने आपल्या पूर्वजांना सुख दिले असेही नाही. पण ठेवीच्या बाबतीत ते सचोटीने वागले, ही गोष्ट नोंदवून ठेवणे आपले काम आहे.

आणि ती घंटा? आग्वादच्या दीपगृहात तीस वर्षे काढून ती १८७१ मध्ये पणजीच्या इगर्जेच्या माथ्यावर चढवण्यात आली. पांढऱ्याशुभ्र दर्शनी भिंतीवर, वळणावळणाच्या जिन्याच्या वर, आजही ती टांगलेली आहे. से कॅथीड्रलच्या घंटेखालोखाल गोव्यातील ती सर्वांत मोठी मानतात. पणजीचा बाजार उरकून बसच्या तळाकडे निघालेल्या माणसाच्या कानावर तिचा नाद पडतो. तो कोठून आला हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्या आवाजात पडलेल्या इगर्जेचा एवढा एक अवयव अजून आपले नेमलेले काम करीत आहे.

त्या दिवशी मी टेकडी उतरलो तेव्हा पुन्हा आभाळ भरून आले होते. सर्वेक्षण खात्याने मनोऱ्याच्या डागडुजीचे काम केलेले आहे, पायथ्याचे गवतही वेळोवेळी कापले जाते. मनोऱ्यावर पाऊस पडतच राहणार. त्याच्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दाद मागता येत नाही. आपल्या हाती एवढेच आहे की जे जे आपण वारशाने, खरेदीने, जिंकून किंवा कायद्याने आपल्या नावावर करून घेतो, त्याच्या शाकारणीचा दिवसही त्याच दस्तऐवजात लिहून घ्यावा.